पिवळ्या अक्षरांचं जाकीट

मंगळवार, ९ जानेवारी २०१८, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं

लिओदादा,

ओले मोजे रेडिएटरवर वाळत घालत होतो. एक घातला, दुसरा हातातच राहिला, आणि तसाच येऊन टेबलाशी बसलो. म्हणून कागदाचा कोपरा ओला आहे. दुसरा कागद घेतला असता, पण मग लिहिणं राहून गेलं असतं.

तू ओमाहाला गेल्यापासूनचं हे चौथं पत्र. तिथल्या बेकरीवाल्या फिदेलाबाई फोनवर सांगतात की तू बेकरीत येऊन पत्रं घेऊन जातोस. वाचतोस का, ते त्या सांगत नाहीत. मी शाळेच्या नोकरीसाठी सरकारला बोटांचे ठसे दिले आणि अर्जावर आपल्या घराचा पत्ता लिहिला, म्हणून तू गेलास. माझा जन्म शिकागोतला, तुझा नाही, आणि तुझ्याकडे इथले कागद नाहीत. त्याबद्दल मागच्या तीन पत्रांत लिहून झालं आहे. आज वेगळंच लिहायचं आहे.

आमच्या हॅलोरन हायस्कूलमध्ये नियम आहे: नववीतलं पोर लागोपाठ तीन दिवस आलं नाही की त्याच्या घरी जायचं. मुख्याध्यापिका मिस व्हिटलो म्हणतात, पोरं बारावीत नापास झाली असं आपल्याला दिसतं, पण ती हरलेली असतात नववीत. नववीच्या पहिल्या सहामाहीत दोन विषय गेले की पोरगं मनातून शाळा सोडतं, मग पाय सावकाश मागोमाग जातात. त्या यायच्या आधी नववीतली निम्मी पोरं बारावीपर्यंत टिकत नव्हती. आता दर मंगळवारी नववीचे सगळे शिक्षक ग्रंथालयात बसतात आणि एकेका पोराचं नाव घेऊन बोलतात. घरी जाण्याचं काम माझं आणि मिस्टर हॉलिस यांचं. ते निवृत्त बसचालक आहेत, शाळेची व्हॅन चालवतात. स्पॅनिश मी बोलतो.

हे काम मला का आवडतं ते तुला कधी सांगितलं नाही. मी अकरावीत शाळा सोडली तेव्हा दोन आठवडे रोज सकाळी कपडे करून बसत होतो. कुणीतरी विचारायला येईल असं वाटायचं. तू कामावर असायचास. कुणी आलं नाही.

आज सकाळी सातला वीस कमी असताना आम्ही यारेलीच्या घरी गेलो. यारेली चौदा वर्षांची आहे, गणितात हुशार. नाताळच्या सुट्टीनंतर तीन दिवस आलीच नव्हती. तळघरातलं घर आहे. आत दिवा होता, टीव्हीवर कार्टून चालू होतं. मी दार वाजवलं. टीव्ही बंद झाला. मग दिवा गेला. पुन्हा वाजवलं. कुणी उघडलं नाही. मी दाराखालून शाळेचा कागद सरकवला आणि आम्ही परत आलो.

मिस्टर हॉलिस म्हणाले, "इतक्या थंडीत मी पण उघडलं नसतं, पोरा. मी तर बायकोला पण उघडत नाही."

एवढंच झालं. मी सगळं नेहमीप्रमाणेच केलं. पण दिवसभर तो विझलेला दिवा डोळ्यांपुढून जात नाही. दिवा नसला तर घरी कुणी नाही असं समजावं. लागलेला दिवा विझवला तर काय समजायचं?

तुझा
एफ्राईन


गुरुवार, ११ जानेवारी, संध्याकाळ

दादा,

आज पुन्हा गेलो, एकटाच, शाळा सुटल्यावर. दार सताड उघडं होतं. घरमालक गादी बाहेर ओढत होता.

तो म्हणाला, ते मंगळवारीच गेले. साडेसातच्या आत. आई, यारेली आणि चार वर्षांचा धाकटा. भांडी, कपडे, नाताळचं झाड, सगळं तसंच. चुलीवरच्या पातेल्यात राजमा भिजत घातलेला होता, वर बर्फाची साय धरलेली. धाकट्याला कांजिण्या आल्या होत्या, त्याला सांभाळायला यारेली घरी राहत होती, कारण आई कामावरून सुट्टी घेऊ शकत नव्हती. तीन दिवसांच्या गैरहजेरीचं कारण एवढंच होतं.

मी विचारलं, का गेले?

तो म्हणाला, "इमिग्रेशनवाले आले होते ना. पहाटे. दोघं. समोरच्या म्हातारीनं पाहिलं. काळी जाकिटं, पाठीवर पिवळी मोठी अक्षरं, पांढरी व्हॅन. एकानं खिडकीतून बॅटरी मारली आणि पोरीला नावानं हाक मारली. नाव ठाऊक होतं त्यांना."

माझ्या अंगावर तुझा जुना करडा कोट होता. म्हणून त्यानं मला ओळखलं नाही.

परवाच्या पत्रात मी जाकिटाचं लिहिलं नाही. आता लिहितो. डिसेंबरात मिस व्हिटलोंनी आमच्यासाठी जाड जाकिटं शिवून घेतली. आम्ही थंडीत कुडकुडत फिरतो हे त्यांना बघवत नव्हतं. पाठीवर "विद्यार्थी सेवा" असं इंग्रजीत भरतकाम. लिहिताना माझी चूक होत नाही म्हणून मजकूर तपासायला त्यांनी मलाच दुकानात पाठवलं. मी एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. पिवळा दोरा मी निवडला, अंधारात रस्ता ओलांडताना गाड्यांना दिसावं म्हणून. मला ते जाकीट फार आवडायचं. घातलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

आणि बॅटरीही मीच मारली. फोनची. म्हणालो, "यारेली, तू आत आहेस हे मला माहीत आहे. घाबरू नकोस."

दादा, तिचा बाप दोन वर्षांपूर्वी कामावर गेला तो संध्याकाळी परतलाच नाही. आता तो मेक्सिकोत, मोरेलियात असतो. ही गोष्ट मला माहीत होती. मंगळवारच्या बैठकीत सांगितली होती. मी ऐकली होती, आणि तरी जाकीट घालून गेलो.

आज उणे अठरा आहे. कांजिण्या झालेलं पोर घेऊन ते कुठे झोपत असतील?

एफ्राईन


मंगळवार, १६ जानेवारी

लिओदादा,

आज बैठकीत सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं.

मिस व्हिटलोंच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचं स्वतःचं काळं जाकीट अडकवलेलं होतं. त्यांनी ते काढलं, अक्षरं आत जातील अशी घडी घातली आणि मांडीवर ठेवलं. त्यांच्याकडे पाहताना मला वाटलं, घरात दडून बसणाऱ्यांना हे जाकीट कसं दिसेल हे मिस व्हिटलोंना कळणार कसं, त्या त्यांच्यातल्या नाहीत. पण मी तर त्यांच्यातलाच होतो. माझा भाऊ तर...

मिस्टर हॉलिस म्हणाले, "मी ते घालून आरशात बघितलं तेव्हा मला वाटलं मी विमानतळावरचा हमाल दिसतो." कुणी हसलं नाही. ते पुढे म्हणाले, "हसू नका. मला पण झोप नाही."

गणिताचे मिस्टर शिमचक यारेलीबद्दल बोलले. ते सहसा बोलत नाहीत. म्हणाले, तिचं उत्तर चुकलं की ती खोडत नाही. शेजारी बरोबर उत्तर लिहिते आणि दोन्ही ठेवते. कुठे घसरलो ते दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. पंचवीस वर्षांत त्यांना अशी एकच भेटली.

सहामाही परीक्षा एकतीस तारखेला आहे. यारेली तिला बसली नाही तर सगळ्या विषयांत अर्धं वर्ष बुडेल, आणि त्यानंतरच्या आठवड्यात तिचं नाव पटावरून निघेल. मग तिला परत यायचं असलं तरी नव्यानं नाव घालावं लागेल, कागदपत्रं, पत्त्याचा पुरावा. ज्यांनी घर सोडलं ते पत्त्याचा पुरावा कुठून आणतील? मिस व्हिटलो म्हणाल्या, ती पोरगी परीक्षेला आली पाहिजे, पण तिला आता कुणीही शोधायला जायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही.

मी मान हलवली. बैठकीत जे सांगितलं नाही ते तुला सांगतो. मी आधीच शोधून आलो होतो. शुक्रवारी.

तिची आई, इमेल्दाबाई, हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात काम करते. मी फाटकाशी गेलो. अंगात तुझाच कोट. देखरेख करणाऱ्या माणसानं विचारलं, कोण तू? मी म्हणालो, शाळेकडून आलोय, इमेल्दाबाईंना भेटायचंय. यंत्रांचा आवाज इतका होता की त्याला अर्धंच ऐकू गेलं असावं. तो आत तोंड करून ओरडला, "इमेल्दा, तुला न्यायला कुणीतरी आलंय."

न्यायला. हाच शब्द.

ती मागच्या दारानं गेली, अंगावरच्या एप्रनसकट. तिचा कोट तिथंच राहिला. त्यानं मला सांगितलं, आता ती परत येणार नाही, आणि आली तरी मी घेणार नाही, मला भानगड नको.

मी एक दार वाजवलं आणि त्यांचं घर गेलं. एकदा नाव विचारलं आणि काम गेलं. आता मी बसथांब्यावर कुणाकडे पाहत नाही. मला वाटतं मी पाहिलं तरी ते आणखी दूर जातील.

दादा, तू दार बंद करून आत बसला असतास आणि बाहेर मी असतो, तर मी काय म्हणायला हवं होतं? एवढं एकच लिही. सही करू नकोस, तारीख घालू नकोस.

एफ्राईन


शनिवार, २० जानेवारी

दादा,

दोन्या तोमासा तुला आठवते का? शाळेच्या कोपऱ्यावर सकाळी तमाली विकते. मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेल्या पिठाच्या गरम तमाली आणि पातेलंभर चंपुर्रादो, ते चॉकलेटचं दाट पेय. तू तिच्याशी भाव करायचास आणि ती तुला "वकीलसाहेब" म्हणायची.

गेला आठवडाभर ती मला काही विकत नव्हती. मी गेलो की म्हणायची, संपल्या. डबा वाफाळत असायचा. काल मी म्हणालो, "दोन्या, संपल्या म्हणता, पण झाकण तर हलतंय."

ती म्हणाली, "साहेब आज जाकीट न घालता आले? जाकीट धुवायला टाकलंय वाटतं."

रांगेतली बाई हसली. मला कळलं की सगळ्यांना माहीत आहे. सगळ्या रस्त्याला.

मी म्हणालो, मी चुकलो. ती म्हणाली, ते तू मला सांगू नकोस, माझं घर शाबूत आहे. मग बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत तिनं मला उभं ठेवलं. पाय बधिर झाले. शेवटी चिमटा खाली ठेवून ती बोलायला लागली, आणि मी शब्द न बदलता लिहितो.

"तुझ्या शाळेत चांगलं चाललंय हे मला दिसतं. पूर्वी नऊ वाजता पोरं माझ्यापाशी येऊन उभी राहायची, आता पावणेआठला कोपरा रिकामा होतो. माझा धंदा बसला त्यात, पण मी काही म्हटलं नाही. पण हे दोन पुरुष पहाटे अंधारात गाडी घेऊन पाठवायचं कुणी ठरवलं? आई घरी असते म्हणून पहाटे, होय ना? अरे, पहाटे कोण कोण येतं ते तुला माहीत नाही? तुझा भाऊ कोणत्या वेळेला गेला?"

पहाटे. तू पहाटेच गेलास.

मी विचारलं, ते कुठे आहेत? ती म्हणाली, "हे विचारलंस ना, म्हणून मी तुला तमाली विकत नाही."

मग म्हणाली, जिवंत आहेत. लेकराच्या फोडांवर खपल्या धरल्या.

मी सरळ मिस व्हिटलोंकडे गेलो आणि कारखान्याचंही सांगून टाकलं. वाटलं, आज नोकरी जाणार. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "तुला काढायला हवं. मी स्वतःला काढत नाही, म्हणून तुला काढता येत नाही. बस." मग त्यांनी विचारलं, ही तोमासाबाई सकाळी किती वाजता येते?

आज शनिवार, पण शनिवारी शाळेत गणिताचा जादा वर्ग असतो, आणि तीही येते. मिस्टर शिमचक स्वतः तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांना स्पॅनिश येत नाही, म्हणून मी बरोबर. त्यांनी डझनभर तमाली घेतल्या आणि तिच्यापुढे तीन कागद धरले. बीजगणित. म्हणाले, मला काही विचारायचं नाही. हे कुणाला द्यायचं असेल तर द्या, नाही तर खाली अंथरा, डबा घसरणार नाही.

तिनं कागद उलटसुलट करून पाहिले. "हे काय आहे?"

मी म्हणालो, गणित.

"पचेल का?"

मी भाषांतर केलं. मिस्टर शिमचक गंभीरपणे म्हणाले, तिला पचतं, वर्गातल्या इतरांचं सांगत नाही.

दोन्या तोमासा हसली नाही, पण कागद घडी करून तिनं एप्रनच्या आत ठेवले. आणि मला एक तमाली दिली. पैसे नंतर दे म्हणाली.

एफ्राईन


शुक्रवार, २६ जानेवारी

लिओदादा,

कागद परत आले. बुधवारी तीन, आज पाच. मक्याच्या पिठाचा वास येतो, एकावर तेलाचा डाग आहे. नावाची जागा कोरी. पण दुसऱ्या पानावर एक उत्तर चुकलेलं आहे, न खोडलेलं, आणि शेजारी बरोबर उत्तर. मिस्टर शिमचक तो कागद हातात घेऊन खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग इंग्रजीच्या बाईंनी पण आपले धडे दिले, विज्ञानवाल्यांनी पण. दोन्या तोमासा म्हणते, आता डब्यात तमालीला जागा राहिली नाही.

मिस व्हिटलोंनी पहाटेच्या फेऱ्या बंद केल्या. यापुढे घरी जायचं ते नववीतल्याच पोरांच्या दोन आयांनी, दिवसाढवळ्या, पायी, हातात काही न घेता. जाकिटं एका खोक्यात घालून तळघरात ठेवली. एका आईनं विचारलं, आम्ही जाऊन काय म्हणायचं? मिस व्हिटलो म्हणाल्या, तुमच्या दाराशी कुणी काय म्हटलं तर तुम्ही उघडाल, ते म्हणा. मी हे स्पॅनिशमध्ये सांगितलं तेव्हा जमलेल्या सगळ्या आया एकदम बोलायला लागल्या.

हे ऐकून तुला वाटेल सगळं सुरळीत झालं. नाही. आज सकाळी दोन्या तोमासानं निरोप दिला. इमेल्दाबाई मुलीला परीक्षेला पाठवायला तयार आहे. एका अटीवर.

"ज्यानं खिडकीतून बॅटरी मारली, तो मुलगा माझ्याजवळ बसेल. ती आत गेल्यापासून ती बाहेर येईपर्यंत. तिला काही झालं तर तो माझ्या हातात असला पाहिजे."

मी हो म्हणालो. दादा, शाळेसमोर काय होईल याच्यावर माझा काय ताबा? दोन पोरांची मारामारी झाली तरी पोलिसांची गाडी येते. कुणीतरी आगीची घंटा वाजवतं. रुग्णवाहिका येते. एरवी आमचं तिकडे लक्षही जात नाही. त्या दिवशी साधी पांढरी व्हॅन समोर थांबली, पाव पोचवणारी, तरी ती उठून पळेल, मुलगी आत राहील, आणि त्यानंतर कुणाच्याच डब्यातून काही परत येणार नाही.

मिस व्हिटलोंना सांगितलं. त्या म्हणाल्या, हे कुठल्याच नियमात बसत नाही. मग म्हणाल्या, तू सकाळी खाऊन जा, उपाशी माणूस घाबरट दिसतो.

फिदेलाबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, पत्र नेलंय. बस, एवढंच.

एफ्राईन


बुधवार, ३१ जानेवारी, दुपारी दोन

दादा,

कोट न काढताच लिहायला बसलोय.

शाळेसमोर रस्त्यापलीकडे नाण्यांवर चालणारं कपडे धुण्याचं दुकान आहे. साडेसातला गेलो. इमेल्दाबाई आधीच खिडकीशी बसली होती. मी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं. तुझ्याएवढी असेल. अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी मोठा कोट होता. यारेली शेजारी उभी. ती मला म्हणाली, "मिस्टर शिमचकनी सातव्या कागदात एक उदाहरण चुकीचं छापलंय, त्यांना सांगा." मी म्हणालो, तूच सांग. तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, आणि ती रस्ता ओलांडून गेली. दारातून आत जाईपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही. बहुतेक आईनंच तसं सांगितलं असावं.

इमेल्दाबाईनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही. नाडी पाहतात तसं. दुसऱ्या हातानं तिनं यंत्रात नाणी टाकली आणि ते रिकामंच चालू केलं, कारण दुकानदार नुसतं बसू देत नाही. आम्ही समोर रिकामं पिंप फिरताना पाहत बसलो.

मी माफी पाठ करून आलो होतो, पण ती तशीच ठेवून दिली. तिथं बसल्यावर कळलं की माफी माझ्या सोयीची होती.

साडेनऊच्या सुमारास पोलिसांची गाडी आली. शाळेच्या अगदी दारासमोर थांबली. एक अधिकारी उतरला आणि आत गेला.

तिची नखं माझ्या मनगटात रुतली. ती उठली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय आहे ते?"

मला सांगायचं होतं, काही नाही, नेहमीचंच. तोंड उघडलं होतं. पण मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, यारेलीला नेताहेत. दादा, मला खरोखरच तसं वाटलं, मी जो इथला आहे, ज्याचे ठसे दिलेले आहेत, ज्याला कुणी हात लावू शकत नाही. तू नोव्हेंबरात, ठशांचं कळल्यावर, जेवणाच्या ताटावरून उठलास आणि पहाटे निघून गेलास, तेव्हा तुला काय वाटलं असेल ते मला आज कळलं.

मी म्हणालो, "माहीत नाही."

ती म्हणाली, "बरं केलंस. काही नाही म्हणाला असतास तर मी गेले असते."

किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. यंत्र थांबलं. तिनं पुन्हा नाणी टाकली नाहीत, मग मी टाकली. तो अधिकारी बाहेर आला. एकटाच. हातात कॉफीचा कप. दोन्या तोमासाकडून एक तमाली घेतली, गाडीच्या टपावर ठेवून खाल्ली, आणि गेला. नंतर मिस्टर हॉलिसकडून कळलं की तो कुणाच्या चोरीला गेलेल्या सायकलीचं विचारायला आला होता.

साडेअकराला घंटा झाली. पोरं बाहेर पडायला लागली. टोप्या, दप्तरं, आरडाओरडा. आम्ही दोघंही काचेला चिकटलो. गर्दी ओसरली. पायऱ्या रिकाम्या झाल्या. यारेली नाही. दार बंद झालं.

इमेल्दाबाईनं माझं मनगट सोडलं. धरण्यापेक्षा ते सोडणं भयंकर होतं. ती दाराकडे निघाली, रस्त्याकडे, जिथे ती कधीच जाणार नव्हती, शाळेच्या दिशेनं. मी मागे धावलो. रस्त्याच्या मध्यभागी आम्ही असताना शाळेचं दार उघडलं. यारेली, आणि तिच्यामागे मिस्टर शिमचक, कोटाशिवाय, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. दोघं कसल्यातरी उदाहरणावरून वाद घालत होते.

ती आम्हाला पाहून थांबली. "शेवटचं राहिलं होतं," ती म्हणाली. "मी परत तपासत बसले."

आईनं तिच्या थोबाडीत मारली. मग तिच्या टोपीत तोंड खुपसून उभी राहिली. एक गाडी हॉर्न वाजवत राहिली, आणि मिस्टर शिमचक तिच्या समोर हात पसरून उभे राहिले, जणू त्यांना सबंध रस्ता अडवायचा होता.

निकाल शुक्रवारी, पुढची सहामाही सोमवारपासून. मिस्टर शिमचक म्हणतात, बघायची गरज नाही. मला अजून भीती वाटते. ते कुठे राहतात हे मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. इमेल्दाबाईला काम नाही. मिस व्हिटलो शाळेच्या स्वयंपाकघरात विचारताहेत, पण तिथेही ठसे लागतात.

निघताना इमेल्दाबाई मागे वळली. म्हणाली, "सोमवारी किती वाजता शाळा?"

मी म्हणालो, पावणेआठ.

"सोमवारी पण बसशील?"

मी म्हणालो, बसेन.

ती म्हणाली, "मंगळवारी?"

मी म्हणालो, ज्या दिवशी तुम्ही बोलवाल त्या दिवशी.

दादा, तू उत्तर पाठवलं नाहीस ते बरंच झालं. दाराबाहेरून म्हणण्यासारखं काही नसतंच बहुधा. म्हणून शनिवारी मी ओमाहाला येतोय. तू कुठे राहतोस ते फिदेलाबाईंना विचारणार नाही. कुठलंही दार वाजवणार नाही. दुपारी बारापासून अंधार पडेपर्यंत बेकरीसमोरच्या फूटपाथवर, उन्हात, दिसेल असा उभा राहीन. हातात काही नसेल. तू काचेआडून पाहिलंस आणि आला नाहीस, तरी चालेल. रविवारी रात्रीपर्यंत मला परत पोचायचंय, सोमवारी बसायचंय.

तुझा
एफ्राईन

हिशेब: ओमाहाचं जाण्याचं तिकीट, अठ्ठेचाळीस डॉलर, दिले. धुण्याच्या यंत्रात दुसऱ्या वेळची नाणी, पावणेतीन डॉलर. दोन्या तोमासाचे सहा डॉलर देणं आहे, ती म्हणते विसर, मी विसरणार नाही. येण्याचं तिकीट अजून काढलेलं नाही. एक काढायचं की दोन, ते तिथं कळेल.